न वाजलेल्या हलगीचा लिलाव

दोन माणसं बाबालालचाचांच्या दाराची चौकट टेपनं मोजत होती, आणि चाचा त्यांना आतून चहा पाठवत होते.

मी सायकल भिंतीला टेकवली. "काय चाललंय?"

"माप घ्यायलोय की," टेप धरलेला म्हणाला. "शटर बसवायचंय. मालकांनी सांगितलंय."

"कुठले मालक? मालक आत चहा करतायत."

"ते जुनं मालक. आता नवं. लिलावात घेतलंय घर. तुमास्नी न्हाय व्हय ठावं, पावणं?"

माझा जन्म त्या बोळातला. चाचांची आणि आमची भिंत एकच. आणि हा टेपवाला मला पावणं म्हणत होता! त्याहून राग याचा आला, की त्याला जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं. कारण असल्या गोष्टी माहीत असणं हीच माझी नोकरी.

लक्ष्मीपुरीत एका छापखान्याच्या माडीवर आमच्या रहिवासी संघाचं ऑफिस आहे. मी तिथला पगारी कार्यकर्ता. सभेच्या सतरंज्या घालणं, पत्रकं लिहिणं, ती वाटणं आणि सरकारी ऑफिसातून लोकांचे कागद काढून आणणं, ही माझी ड्यूटी. घरमालकानं भाडेकरूचा नळ तोडला की मी पत्रक काढतो. महापालिकेनं गटार तुंबवलं की मी पत्रक काढतो. आणि माझ्या भिंतीपलीकडचं घर लिलावात गेलं, ते मला शटरवाल्याकडून कळलं.

चाचा हलग्या, ढोलक्या आणि तबले मढवतात. मढवणं म्हणजे कातडं चढवणं. घराचा पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, हेच त्यांचं दुकान. तिथं ऊन येतं, वारा येतो, पाणी येत नाही. कातड्याला नेमकं एवढंच लागतं. असली जागा भाड्यानं मिळत नाही. सोपा गेला म्हणजे नुसतं छप्पर गेलं असं नाही, धंदाच गेला.

कर्ज खरं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. चाचांच्या मेहुण्यानं शिरोलीला छोटी फौंड्री टाकली. त्यासाठी चाचांनी घर गहाण लिहून दिलं. फौंड्री बंद पडली आणि मेहुणा गाव सोडून गेला. सावकारानं कोर्टातून डिक्री घेतली. डिक्री म्हणजे वसुलीचा हुकूम. चाचांनी काही हप्ते भरले, मग थकले.

"चाचा, लिलाव झाला?" मी आत जाऊन विचारलं.

"झाला म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

"ह्ये टेपवालेच की."

"तुम्हाला नोटीस?"

"मागं एक कागद आलता. मेहुण्याला दावला. त्यो म्हणला, बघतो."

"दवंडी? कोर्टाचा लिलाव असला की आधी दारात हलगी वाजवून पुकारावं लागतं. तसा नियमच आहे."

"मला तर न्हाय ऐकू आली. पर आता कान बी..."

"कान धड हायत यांचं!" चाची आतून ओरडल्या. "चार घरं पलीकडं ढोलकीचा सूर उतरला तर भरल्या ताटावरनं उठत्यात!"

चाची बारदानात भांडी भरत होत्या. एक पोतं शिवून झालं होतं, दुसरं निम्मं भरलं होतं. त्यांनी सुई पोत्यात खोचून ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"विलास, तू त्या हापिसात असतोस न्हवं? मग एकच सांग. घर विकलं का न्हाय? विकलं असंल तर मी पोती शिवते, न्हायतर उसवते. हे असं निम्म्यात ऱ्हायला मला जमत न्हाय बघ."

मी म्हणालो, "उद्या सांगतो." इतकं सोपं वाटलं होतं मला ते.

दुसऱ्या दिवशी मी सिटी सर्व्हे ऑफिसात गेलो. शहरातल्या प्रत्येक जागेचं तिथं एक प्रॉपर्टी कार्ड असतं. जागा किती, मालक कोण, बोजा कुणाचा, हे त्यावर लिहिलेलं असतं. खेड्यात सातबारा, तसं शहरात हे कार्ड. क्लार्कनं गठ्ठा काढला. बी वॉर्ड, आमचा बोळ, चाचांचा नंबर. मालकाच्या रकान्यात ठळक अक्षरात बाबालालचाचांचं नाव. खाली गहाणाची नोंद. बाकी रकाने कोरे.

विकलेलं नाही! कार्डावर चाचाच मालक! मग हे टेपवाले कोण? सावकाराची दहशत, दुसरं काय!

मी सायकल दामटली. छापखान्यात गेलो आणि उभ्या उभ्या मजकूर सांगितला. वर ठळक: "हे घर विकलेले नाही! आणि विकू देणार नाही!" खाली सावकारशाहीचा निषेध, खोटे मालक उभे करणाऱ्यांचा निषेध, आणि पेठेनं जागं व्हावं अशी हाक. तीनशे प्रती काढल्या. दुपारी चारपर्यंत पेठेतल्या प्रत्येक दुकानात, दोन्ही तालमींत आणि पाण्याच्या नळावर पत्रक पोचलं होतं. टेपवाल्यांच्या हातातसुद्धा एक दिलं.

चाचींनी पहिलं पोतं उसवलं.

संध्याकाळी ऑफिसात मगदूम वकील बसले होते. ते संघाचे सेक्रेटरी, म्हणजे माझे साहेब. जैन घरातला शांत माणूस. कधी आवाज चढवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्यापुढं उभं राहायला धास्ती वाटते. टेबलावर माझं पत्रक होतं. त्यावर त्यांनी चष्मा ठेवला होता.

"हे कशावरून लिहिलंस?"

"प्रॉपर्टी कार्ड बघितलं, साहेब. मालक बाबालालचाचाच आहेत."

"कार्डावर नवं नाव कधी चढतं?"

"विकल्यावर."

"विकल्यावर लगेच?"

मी वही काढली.

"लिलाव होतो. मग कोर्ट तो कायम करतं. मग घेणाऱ्याला सर्टिफिकेट मिळतं. ते घेऊन तो सिटी सर्व्हेला अर्ज करतो. मग चौकशी, मग नोंद. यात वर्षसुद्धा जातं. तू आज बघितलंस ते कार्ड काल मालक कोण होता ते सांगतं, बाबा."

"म्हणजे घर विकलंय?"

"मला काय माहीत? मी कोर्टाचं रजिस्टर बघितलेलं नाही. तूही नाही. फरक इतकाच, की मी छापलेलं नाही."

मी म्हणालो, भावना तर खरी होती. वकीलसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पत्रक परत वाचलं.

"शुद्धलेखन चांगलं आहे," ते म्हणाले. "उद्या कोर्टात जा."

पण दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडायच्या आतच, म्हणजे सकाळी साडेसातला, दत्तू गवळी चाचांच्या दारात उभा राहिला. दत्तूच्या म्हशी पलीकडच्या बोळात. हातात दुधाची किटली, बगलेत माझं पत्रक.

"चाचा, घर विकलेलं न्हाय असं छापलंय ह्यात."

"व्हय," चाचा म्हणाले.

"मग विकायचं हाय का? मागलं परसू मिळालं तर मला पायजेच. गोठ्याला जागा बघून दमलोय. लिलावाचं कुणी सांगितलं असतं तर मी आलो असतो की बोली लावायला!"

मी दारातच होतो. माझं टाळकं सरकलं. "दत्तूदादा, पत्रक नीट वाचा! 'विकू देणार नाही' असंही लिहिलंय खाली!"

"ते वाचलं की," दत्तू म्हणाला. "पर ते तू म्हणतोस. घर चाचांचं हाय."

त्या दिवशी आणखी दोघं तसेच येऊन गेले. मी पेठेला जागं केलं होतं. पेठ उठली आणि पहिल्यांदा भाव विचारायला आली. मला तेव्हा ते फार लागलं. त्याचा पुढं उपयोग होणार आहे हे कळायला अजून अवकाश होता.

कोर्टात लिलावाचं काम नाझराकडं असतं. नाझर म्हणजे कोर्टाचा कारभारी. जप्ती, लिलाव, समन्स बजावणारे बेलीफ, सगळे त्याच्या हाताखाली. तिथं लिलावाचं रजिस्टर सांभाळायला देसाई नावाचे क्लार्क होते. खुर्चीवर उशी, उशीवर देसाई, आणि समोर कागदांचा असा ढीग की पलीकडून फक्त कपाळ दिसायचं.

"अमुक घर लिलावात विकलं का, एवढंच बघायचं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही पार्टी का?"

"नाही."

"वकील?"

"नाही. शेजारी."

"शेजाऱ्याला रजिस्टर दाखवायचा नियम नाही."

"लिलाव जाहीर असतो ना? मग जाहीर गोष्ट लपवायची कशाला? हा लोकांचा..."

"सभा बाहेर," देसाई म्हणाले. "आत अर्ज."

मी आवाज चढवणार होतो. पण टेबलावरचं चष्म्याखालचं पत्रक आठवलं आणि खाली बसलो. विचारलं, अर्ज कसा करायचा. माणूस विचारायला लागला की देसाई सांगायलाही लागले. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दोन वर्षं मी तिथं जाऊन नुसता भांडत होतो.

"ज्याचं घर आहे त्याचं वकीलपत्र आणा. मग वकिलाला फाईलचं इन्स्पेक्शन मिळतं. फी किरकोळ. आणि एक ध्यानात ठेवा. 'विकलं का' असं विचारू नका. बोलीचा तिसरा पुकारा झाला का, ते विचारा. पैसे भरले का, ते विचारा. सेल कन्फर्म झाला का, ते विचारा. तिन्हीला 'हो' आलं तर विकलं."

"आणि दोनालाच 'हो' आलं तर?"

देसाईंचं कपाळ ढिगाच्या वर आलं. चेहरा पहिल्यांदा पुरता दिसला.

"तर पळा," ते म्हणाले.

वकीलपत्रावर सही करायला चाचा तयार होईनात.

"नगं, विलास. मी गहाण लिवून दिलं. त्यानं पैसं मागितलं, मी दिलं न्हाईत. आता कोर्टात जाऊन काय म्हणू? घर माझं हाय म्हणू? त्ये तर त्याला बी ठावं हाय."

"चाचा, तुमच्यावर अन्याय..."

"अन्याय न्हाय की ह्यो. थकलोय मी, म्हणून झालंय."

माझ्या पत्रकांत असा माणूस कधीच नसतो. माझ्या पत्रकांत एक लुटणारा असतो आणि एक लुटलेला. तेवढ्यात चाची पुढं आल्या.

"सही करा," त्या म्हणाल्या. "घर मागायला नगं. इचारायला तर जायाचं? दारात कोण ऱ्हानार हाय हे मला कळाय नगं? एक पोतं उसवलंय मी. परत शिवणार न्हाय असंच."

चाचांनी सही केली.

मगदूम वकिलांबरोबर मी फाईल बघायला बसलो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो'. लिलाव कोर्टाच्या आवारात झाला होता. बोली लावणारा एकच, एक भुसार व्यापारी. कोर्टानं ठरवलेल्या किमान किमतीच्या जरासा वर. दुसऱ्याचंही 'हो'. पैसे भरलेले. तिसऱ्याचा रकाना कोरा. सेल कन्फर्म व्हायला लिलावापासून तीस दिवस जावे लागतात, हरकत घ्यायची तर घेता यावी म्हणून.

वकीलसाहेबांनी बोटांवर मोजलं. "बावीस गेले. आठ उरले. त्यात दसऱ्याची सुट्टी."

मला वाटलं, झालं, आता हरकत घेऊन टाकू. वकीलसाहेब म्हणाले, "कशाची हरकत? एकच बोली आली, हा गुन्हा नाही. लिलाव पुकारण्यात चूक झाली, आणि त्या चुकीमुळं घर कमी किमतीला गेलं, अशा दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक दाखवून भागत नाही. वाच पुढं."

पुढं बेलीफाचा रिपोर्ट होता. मी त्यातल्या ओळी वहीत उतरवून घेतल्या आणि संध्याकाळी चाचांना वाचून दाखवल्या. 'नागपंचमीच्या आधीच्या शनिवारी मिळकतीवर समक्ष जाऊन, हलगी वाजवून, मोठ्याने पुकारून, जाहीरनाम्याची प्रत दारावर चिकटवली. हलगी वाजवणारा, शिरपा.' खाली शिरपाचा अंगठा.

चाचा तबल्याची वादी ओढत होते. हात थांबले.

"कुठला वार म्हणलास?"

"शनिवार. नागपंचमीच्या आधीचा."

"आन् वाजवली कुणी?"

"शिरपानं."

चाचा हसायला लागले. हसता हसता खोकला आला. चाची पाणी घेऊन बाहेर आल्या, काय झालं म्हणून.

"शिरप्याची हलगी त्या शनवारी हितं हुती," चाचांनी भिंतीतली खुंटी दाखवली. "ह्या खुंटीला. नुसतं कडं! कातडं फाटलं म्हणून बुधवारी टाकून गेलता. नागपंचमीला मागायला आला, तर मी हाकलून दिला त्याला. कातडं ओलं हाय म्हणलं, श्रावणात आठ-धा दिस वाळत न्हाय. एकच हलगी हाय त्याची. मग शनवारी ह्यानं काय वाजवलं, ताट?"

दुसऱ्या दिवशी चाचा आणि मी शिरपाकडं गेलो. तो पंचगंगेच्या रस्त्याला राहतो. आधी त्यानं विषय टाळला. कोर्टाचं काम जाईल ही भीती, आणि ती खोटी नव्हती.

"अंगठा तर मी पाच कागदावर एकदम दिल्ता की," शेवटी म्हणाला. "बेलीफसायब म्हणलं, पाऊस लई हाय, जायाचं न्हाय, अंगठा दे आन् मजुरी घे. म्या घेतली. काय लिवलंय मला काय ठावं?"

"लिहिलंय," मी म्हणालो, "की तुम्ही चाचांच्या दारात हलगी वाजवली."

"बरं."

"आणि चाचा म्हणतायत, ऐकू आली नाही. चाची म्हणतायत, आली नाही. अख्ख्या बोळात कुणालाच नाही."

शिरपा ताडकन उठला. "म्हंजे? शिरप्याची हलगी वाजली आन् बोळाला ऐकू आली न्हाय, असं व्हतंय काय त्या कागदावरनं?"

"तसंच होतंय."

"मंग त्यो कागद खोटा हाय!" तो म्हणाला. "हलगी वाजवली असती तर रंकाळ्यापतोर ऐकू गेली असती. चला, कुणाफुडं सांगायचं ते सांगतो!"

मी त्याला न्यायासाठी पुढं ये म्हणून सांगणार होतो. सगळं भाषण तयार होतं. गरजच पडली नाही.

एकोणतिसाव्या दिवशी अर्ज दाखल झाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुनावणी लागली. टेपवाले परत आले नाहीत, पण चाचींनी दुसरं पोतं तसंच ठेवलं. न शिवलेलं, न उसवलेलं.

कोर्टात शिरपानं सांगितलं, चाचांनी सांगितलं. चाचांनी हलगी न्यायाधीशसाहेबांपुढं ठेवली आणि उलटी केली. हलगीला एकाच बाजूनं कातडं असतं, मागून ती उघडी. लाकडी कड्याच्या आतल्या अंगाला पेन्सिलनं शिरपाचं नाव आणि तारीख होती. चाचांकडं आलेल्या प्रत्येक वाद्यावर ते असं लिहितात. पावती देत नाहीत. तारीख बुधवारची होती, रिपोर्टातल्या शनिवारच्या तीन दिवस आधीची.

व्यापाऱ्याचे वकील उठले. "पेन्सिल काय, कालही फिरवता येते."

"न्हाय येत, सायब," चाचा म्हणाले. "लाकूड उघडं असतंय तवाच मी लिवतो. मग कातडं चढतंय. कातड्याची मुडप कड्याच्या आत येती, आन् चिकटवावी लागती. बघा की, निम्मी अक्षरं मुडपीखाली गेल्यात. आज लिवायचं म्हणलं तर कातडं सोडवाय लागंल, आन् सोडवलं की फाटलं."

साहेबांनी हलगी उजेडाकडं धरली. बराच वेळ बघितली. मग शेजारच्या स्टेनोलाही दाखवली.

"वाजते का आता?" त्यांनी शिरपाला विचारलं.

"शेकून ताणाय लागंल, सायब. जाळ करू?"

"नको," साहेब म्हणाले. "कोर्टात नको."

एक गोष्ट सिद्ध झाली. उरली दुसरी, चुकीमुळं नुकसान झालं ती. त्यासाठी साक्षीदार म्हणून मी. वकीलसाहेबांनी बजावलं होतं, विचारलं तेवढंच सांगायचं, भाषण नाही.

समोरच्या वकिलांनी फाईलमधून एक कागद काढला. माझं पत्रक!

"हे तुम्ही लिहिलं?"

"होय."

"'हे घर विकलेले नाही!' उद्गारचिन्ह. तेव्हा लिलाव होऊन गेला होता ना?"

"होय."

"म्हणजे तुम्ही खोटं छापलंत."

"चूक छापली."

"न तपासता?"

"न तपासता."

"मग जो माणूस न तपासता तीनशे कागद वाटतो, त्याच्यावर या कोर्टानं विश्वास का ठेवायचा?"

मी मगदूम वकिलांकडं बघितलं. ते छताकडं बघत होते.

"माझ्यावर ठेवू नका," मी म्हणालो. "पत्रक चूक होतं. पण ते पेठेत पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गिऱ्हाईक दारात आलं, घर घ्यायला. त्या दिवशी एकूण तिघं आले. दवंडी पोचली असती, तर हेच तिघं लिलावाला आले असते."

समोरचे वकील पत्रक परत फाईलमध्ये ठेवायला लागले. पण साहेबांनी हात पुढं केला. "ते इकडं द्या. रेकॉर्डला लावा."

माझ्यानंतर दत्तू गवळ्यानं साक्ष दिली. किटली घेऊनच आला होता. म्हणाला, मागचं परसू मला हवंच होतं, लिलावाचं कळलं असतं तर व्यापाऱ्याला जिंकू दिलं नसतं. ते तो इतक्या मोठ्यानं म्हणाला, की कोर्टाला त्याला दवंडीसारखं बोलू नका असं सांगावं लागलं.

लिलाव रद्द झाला. व्यापाऱ्याचे पैसे परत. कर्ज मात्र कायम, आणि नव्या लिलावाचा हुकूम. मी उड्या मारत बोळात आलो. चाचींनी विचारलं, "म्हंजे विकलं न्हाय?"

"अजून नाही."

"आन् पुढं?"

"पुढं परत लिलाव."

"मग नाचतोस कशापायी?"

खरं होतं ते. पण आता मुदत मिळाली होती, आणि गिऱ्हाईक माहीत होतं. कर्जदारानं स्वतः खाजगी विक्री करून पैसे भरतो म्हटलं, तर कोर्ट लिलाव पुढं ढकलू शकतं. हे मगदूम वकिलांनी सांगितलं. चाचांना ते पटलं, कारण त्यात काही मागायचं नव्हतं, द्यायचं होतं.

तोवर नियमाप्रमाणं नवी दवंडी झाली. यावेळी खरीच. नवा बेलीफ, आणि हलगीवाला शिरपाच, त्याचं काम गेलं नाही. चाचांच्या दारात उभा राहून त्यानं विचारलं, "शेकाय कागद हायत का काय?"

माझ्याकडं पत्रकाच्या चाळीस-पन्नास प्रती उरल्या होत्या. दिल्या. जाळ झाला. शिरपा हलगी शेकत होता आणि चाचा सोप्यात बसून सांगत होते, "उजव्या अंगानं जरा जास्त शेक. तिथं कातडं जाड हाय."

मग शिरपानं हलगी अशी वाजवली, की दोन्ही तालमीतली पोरं अंगाची माती न झटकता बोळात आली. चाचांचं घर लिलावात निघाल्याचं चाचांच्याच दारात पुकारलं गेलं, आणि चाचा मान डोलवत होते. "आता बरूबर बोलतीया," ते म्हणाले. ते हलगीबद्दल म्हणत होते.

लिलाव होण्याची वेळ आलीच नाही. दत्तूनं मागचं परसू आणि दोन खोल्या घेतल्या. त्या पैशांत सावकाराचं देणं मिटलं. सोपा, मधली खोली आणि स्वयंपाकघर चाचांचं राहिलं. चाचींनी दुसरं पोतं उसवलं, पण निम्मीच भांडी बाहेर काढली. फळ्या आता तेवढ्याच उरल्या होत्या.

घर विकलं का, या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पाच महिने लागले. उत्तर: निम्मं विकलं. आता सिटी सर्व्हेच्या कार्डावर दोन नावं चढायची आहेत. मी अर्ज दिलाय. अजून कार्डावर एकच नाव आहे, आणि यावेळी मी त्यावरून काहीही छापलेलं नाही.

तुमच्या शेजाऱ्याचं घर लिलावात गेलं असं ऐकलंत, तर प्रॉपर्टी कार्ड बघून खूश होऊ नका आणि टेपवाले बघून रडू नका. वकीलपत्र घ्या, रजिस्टर बघा, देसाईंचे तीन प्रश्न विचारा आणि दिवस मोजा. निषेध नंतरही करता येतो.

आणखी एक. शेजाऱ्याच्या घरासाठी भांडताना खरेदीदार कोण आहे तेही बघून ठेवा. दत्तूचा गोठा नेमका माझ्या खिडकीखाली आलाय. त्याबद्दल एक पत्रक लिहून तयार आहे. मगदूम वकिलांच्या टेबलावर पडलंय. त्यावर त्यांनी चष्मा ठेवलाय.